भिंतीला टेकून पदार्थविज्ञान

माझी मुलगी लिदियाना बावीस वर्षांची आहे आणि अजून आमच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजातच आहे. तिथे दोन वर्षं काढून पोरं राज्याच्या मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातात. लिदियानाचं हे चौथं वर्ष, कारण सकाळभर ती माझ्या भावाच्या गोठ्यावर वासरांना दूध पाजते आणि सकाळचे वर्ग तिला जमत नाहीत. मी स्वतः शाळेतून थेट विद्यापीठात गेले होते. ही मधल्या वाटेने जाण्याची पद्धत किती किचकट असते, ते मला तिच्यामुळे कळलं.

तिला इंजिनिअर व्हायचंय. नोव्हेंबरात विद्यापीठाकडे अर्ज गेला. जानेवारीत कॉलेजच्या सल्लागार बाईंनी तिचे विषय पुन्हा तपासले.

"पदार्थविज्ञानाचा पहिला भाग इथे आणि दुसरा शेजारच्या गावच्या कॉलेजात? असं का केलंस गं?"

"इथला वर्ग सकाळचा होता. तिकडे रात्रीचा मिळाला."

"दोन्ही भाग एकाच कॉलेजात झाले तरच विद्यापीठ ते धरतं. दुसरा भाग इथे पुन्हा कर, आणि याच सत्रात. नाहीतर वर्षभर थांब."

घरी येऊन ती म्हणाली, "आई, आणखी एक वर्ष थांबले ना, तर मी वासरांचीच होऊन जाईन."

पण इथल्या वर्गातल्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या. अशा वेळी आमच्याकडे पोरं सरळ वर्गात जाऊन उभी राहतात. पहिल्या दिवशी जो येत नाही त्याचं नाव कापतात, आणि ती जागा उभ्या असलेल्यांपैकी कुणाला तरी मिळते. त्या दिवशी भिंतीला टेकून बरेच जण होते. शिकवणाऱ्या थाओ सरांनी गैरहजर दोघांची नावं कापली आणि चिठ्ठ्या टाकल्या. लिदियानाची चिठ्ठी निघाली नाही.

बाकीचे निघून गेले. ही पुढच्या तासालाही गेली. नाव घालायची मुदत दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत होती.

"मामा, मी सकाळी येणार नाही," तिने अमारोला सांगितलं.

"जागा मिळाली?"

"नाही."

"मग जातेस कुठे?"

"उभी राहायला."

"उभंच राहायचंय तर गोठा काय वाईट? इथे पगार तरी मिळतो!"

त्या दिवसांत आमच्या खोऱ्यात धुकं असं उतरतं, की समोरच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. ती महामार्गावर गाडी घालायची आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत मी चहासुद्धा घ्यायची नाही.

थाओ सर एकदा तिला म्हणाले, "तुझा हा विषय आधीच झालेला दिसतोय. बसलेल्यांच्या आधी उत्तर देतेस. इथे काय करतेस?"

तिने सगळं सांगितलं.

"प्रयोगाची टेबलं मोजकी आहेत, लिदियाना. कुणी उठलं तरच."

"मग थांबते."

मागून रिगो नावाचा एक जण ओरडला, "ताई, थांबा, पण उत्तरं देऊ नका! आमची लाज जाते!"

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी पहिली चाचणी झाली. लिदियानाने ती खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून सोडवली, सरांनी न मागता. शुक्रवारी पेपर परत मिळाले. रिगोने आपला उलटा केला, सुलटा केला आणि तो उठला.

"सर, माझं नाव काढा. आत्ता सोडलं तर निदान नापासचा शिक्का बसणार नाही."

"नक्की?"

"नक्की. गणित पक्कं करून पुढच्या सत्रात येतो." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "बसा ताई. तुमचे पाय बघून माझेच दुखायला लागलेत."

सरांनी तिला नाव घालायचा नंबर दिला आणि तिने तिथल्या तिथे फोनवर तो भरला.

"आई, बसले," एवढंच तिने मला कळवलं.

मी लगेच विचारलं, "आणि आता किती मार्क लागतील?"

"आई! आधी बसू तर दे."

विद्यापीठाचं उत्तर एप्रिलमध्ये येईल. नकारही येऊ शकतो, दरवर्षी चांगल्या चांगल्या मुलांना येतो. पण आता तो या एका विषयापायी यायचा नाही. हे मी स्वतःला समजावते आहे. लिदियाना केव्हाच झोपली आहे.