गुरुमूर्तिरावांच्या फळ्यावरची दुरुस्ती

गुरुमूर्तिरावांच्या दाराशेजारी भिंतीवर काळा रंग फासून केलेला एक फळा आहे. घर पिढ्यांपासून तमिळ मुलखात राहिलेलं मराठी, पण गल्ली तमिळ, म्हणून फळाही तमिळच. गेली बारा वर्षं सकाळी सातला, अंघोळ करून कोरडं धोतर नेसलं की हा माणूस खडू घेऊन बाहेर यायचा आणि सरकारची खरडपट्टी काढायचा. कुठलंही सरकार. दिल्लीचं असो, चेन्नईचं असो, त्यांना फरक पडत नसे.

विषय मात्र एकच, वीज. छत्तीस वर्षं सबस्टेशनमध्ये ऑपरेटर होते, शेवटची नऊ साक्कोट्टैला. दुसरं त्यांना काही सुचतच नसे. भाताच्या शेताखालून वायू काढायची गोष्ट निघाली की लिहायचे, 'खालचा वायू एकदाच निघतो, वरचा भात दरवर्षी. हिशोब न येणाऱ्यांना मंत्री करू नये.' छपरावर सौर पॅनेल बसवा म्हणून जाहिराती आल्या की लिहायचे, 'ज्याला छप्पर आहे त्याला सूर्य फुकट. भाडेकरूनं काय, उन्हात उभं राहावं?' अणूवाले, कोळसेवाले, पवनचक्कीवाले, सगळ्यांना एकेक दिवस मिळायचा. डाव्यांना ते उजवे वाटत, उजव्यांना डावे. चहाच्या दुकानात दोन्ही पक्षांची पोरं त्यांना 'रायर, आमच्याकडून बोला की' म्हणून चिडवायची, आणि रायर, म्हणजे तमिळ तोंडातले राव, त्या दोघांनाही हाकलून लावायचे.

फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात मात्र राजकारण नसे. तिथं दर महिन्याच्या शटडाऊनची तारीख. दुरुस्तीसाठी सकाळी नऊ ते दुपारी दोन करंट जाणार, दळण आधी उरका, टाक्या भरून ठेवा. गल्लीतल्या बायका वरचं वाचत नसत, खालचं वाचत. तेही रावांना माहीत होतं, पण माणूस खुशीत असायचा.

आणि एक गोष्ट अशी की त्यावर त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती: इन्व्हर्टर. त्यांचं म्हणणं असं, की ज्यानं घरात इन्व्हर्टर बसवला तो करंट गेला तरी गप्प बसणार. गल्लीत पन्नास घरं. चाळीस गप्प बसली की उरलेल्या दहांचं ऐकतो कोण? सरकारी शाळा अशीच बुडाली, सरकारी दवाखाना असाच बुडाला. शहाणे लोक आपापलं बघून निघून गेले आणि मागे राहिले ते बोंबलत राहिले. 'इन्व्हर्टर म्हणजे नागरिकानं दिलेला राजीनामा,' असं त्यांनी चांगलं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. शेजारच्या भवानीनं इन्व्हर्टर घेतला तेव्हाच लिहिलं होतं, आणि कोणासाठी ते गल्लीला न सांगता कळलं. भवानी इडलीचं पीठ वाटून विकते. फ्रिज बंद पडला तर तिचा धंदा आंबतो. तिनं वाचलं, तोंड वाकडं केलं आणि पिठाचा डबा उचलून आत गेली.

तर असा हा माणूस. आता गेले पंचेचाळीस दिवस त्यानं खडूला हात लावलेला नाही.

फळ्यावर अजून शेवटचा मजकूर तसाच आहे. बायको गेली त्या सकाळचा.

सुब्बलक्ष्मीबाईंची फुफ्फुसं कडक होत चालली होती. मरुदानल्लूरच्या भजनात पहिली ओळ उचलणारी बाई, तिला शेवटी स्वयंपाकघरातून ओसरीवर यायलाही दोनदा बसावं लागायचं. चौदा महिने ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं. ते करंटवर चालतं. चेन्नईहून लेक शरण्या आली, म्हणाली, "अप्पा, आता तरी इन्व्हर्टर बसवा." रावांनी नाही म्हटलं.  मग त्यांनी तोड काढली, शटडाऊनच्या दिवसासाठी ऑक्सिजनचं सिलिंडर आणून कोपऱ्यात उभं केलं. किल्ली कशी फिरवायची, नळी कशी बदलायची, बाईंना तीनदा हातवारे करून दाखवलं. बाईंनी मान डोलावली. शटडाऊनच्या दिवशी सकाळी त्या स्वतःच त्यांना बाहेर काढायच्या. त्यांच्या घरातल्या त्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणायच्या, "तुम्ही जावा. हेथ बसून माझं तोंड काय पाहाल? मी करून घेतें." आणि राव जायचे. चहाच्या दुकानात, घामानं निथळणाऱ्या लोकांत बसून पाच तास बोलायचे. तिथं अभिमानानं सांगायचेही, की आमच्या घरी आजारी माणूस आहे, तरी इन्व्हर्टर नाही.

त्या दिवशी साडेअकराला भवानीचा फोन आला. राव धावत आले. बाई खुर्चीत बसलेल्या, मान एका बाजूला. नाकात नळी तशीच. मशीन बंद. सिलिंडर कोपऱ्यात, जिथं ठेवलं होतं तिथंच.

झालं. त्यांना जे कळायचं ते त्या एका नजरेत कळलं. तिला किल्ली फिरली नाही. ती बिनहवेची बसून राहिली आणि आपण दुकानात भाषण देत होतो.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, दिवस भरलेच होते. शरण्यानंही तेच म्हटलं, पण इन्व्हर्टरचा शब्द तिनं तोंडातून काढला नाही. दिवसवार झाले, आठवडाभर राहिली, गेली, पण शब्द नाही. ती का बोलत नाही ते रावांना पक्कं समजत होतं.

आणि रडू? छे. काहीच नाही. लोकांना वाटलं, केवढा धीराचा माणूस. धीर कसला! आतून सगळं सुन्न. कॉफीची चव लागत नव्हती, पाय दुखला तरी दुसऱ्याचा दुखल्यासारखा. निवडणूक जवळ आली. गल्लीत दोन्हीकडची पत्रकं पडू लागली, एकानं फुकट युनिटं वाढवायची म्हटलं, दुसऱ्यानं त्याच्या दीडपट. एरवी रावांनी दोघांना फळ्यावर उभं-आडवं सोलून काढलं असतं. आता पत्रक घडी करून खिडकीच्या फटीत खोचलं, खिडकी वाजायची थांबली, बस्स. चहाच्या दुकानात कुणी म्हणालं, "रायर, ह्या महिन्याचा शटडाऊन कधी?" ते म्हणाले, "माहीत नाही." बारा वर्षांत पहिल्यांदा.

डोक्यात एकच प्रश्न होता आणि तोही ओरडत नव्हता, नुसता बसून होता: इन्व्हर्टर असता तर ती जगली असती का?

सेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला जयकुमार आला. औषधाच्या दुकानातला माणूस, मशीन आणि सिलिंडर परत न्यायला. शरण्यानंच फोन करून सांगितलं होतं. मशीन त्यानं ऑटोत ठेवलं. सिलिंडर उचलायला वाकला आणि थांबला.

"सार, हे तुम्ही बदलून घेतलंत का मधे?"

"नाही. तेच आहे. अजून पुरतंय, म्हणायची ती."

"मग वापरलंच नाही की. सील बघा."

रावांनी बघितलं. तोंडावरचं प्लास्टिकचं सील जसंच्या तसं. एका दिवसाचा तर प्रश्नच नाही. चौदा महिन्यांत, चौदा शटडाऊनांत, ते कधी उघडलंच नव्हतं.

जयकुमार सही घेऊन गेला. राव रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. माणूस कितीही सुन्न असो, ऑपरेटर होता. पाच तास भार चालला आहे आणि पुरवठा कुठून आला ते वहीत नाही, असं त्यांच्या छत्तीस वर्षांत कधी झालं नव्हतं. शेवटच्या दिवसाचं सोडा. आधीच्या तेरा शटडाऊनांत ती कशावर जगली?

ते खुर्चीत बसले. तिच्याच. तिथून वर बघितलं तर भवानीच्या घराला लागून असलेली भिंत, आणि भिंतीत वर धुरासाठी ठेवलेली जाळी. ओळीतली घरं, भिंत दोघांत एक. जाळीच्या सगळ्या गजांवर काजळी होती. एका गजावर नव्हती. एका गजाचा खालचा भाग घासून चकचकीत झाला होता. हे काय ते रावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा वायर ओढली की असंच होतं.

त्यांनी चप्पलही घातली नाही. तसेच शेजारी गेले.

भवानी डब्यात पीठ भरत होती. राव दारात उभे राहून म्हणाले, "जाळीतून वायर कोणाची?"

तिचा हात थांबला. "अक्कांनी शपथ घातली होती, रायर."

"मी विचारतोय."

मग तिनं सांगितलं. पहिल्या शटडाऊनच्या दिवशी अक्कांना सीलसुद्धा तोडता आलं नव्हतं, किल्ली तर लांबच. हातात जोर होता कुठे? भिंतीवर वाटी आपटली म्हणून भवानी आली. तेव्हापासून ठरलं. रायर चहाच्या दुकानाकडे वळले की काठीनं वायर जाळीतून आत सोडायची, दोनला करंट आला की, रायर परतायच्या आत, ओढून घ्यायची. इन्व्हर्टर लहान, दोन्ही झेपायचं नाही, म्हणून तेवढा वेळ फ्रिज बंद.

रावांना एकदम आठवलं. दोनदा, तीनदा ते हिला हसले होते. भर गल्लीत. 'काय गं भवानी, एवढा इन्व्हर्टर घेतलास, तरी शटडाऊनच्या दिवशी तुझं पीठ आंबट कसं?' तिनं नुसतं तोंड वाकडं केलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"त्या म्हणायच्या, ह्यांना कळलं तर हे इन्व्हर्टर आणतील, आणि मग फळ्यावर लिहायचं तोंड राहणार नाही ह्यांना. त्या फळ्यावर जगतात हे, म्हणायच्या."

 मग रावांनी ते बाहेर काढलं, पंचेचाळीस दिवस आत बसलेलं. "त्या दिवशी मशीन बंद होतं. मी बघितलं."

"अय्यो, रायर!" भवानी उठून उभीच राहिली. "बंद कशाला असेल? चालू होतं की! तुम्ही इतके दिवस काय समजून बसलात? अकरा वाजून वीस मिनिटांनी गेल्या त्या, मशीन चालूच होतं. मी जवळ होते. तुम्हाला बोलावते म्हटलं तर म्हणाल्या, 'ते येतील. वायर काढ.' मी म्हटलं, असू दे अक्का. परत म्हणाल्या, 'वायर.' तेवढंच. मी नाही काढली. नाकाशी हात धरून बसले, कितीतरी वेळ. काहीच येईना, तेव्हा काढली. शब्द दिला होता ना. मग तुम्हाला फोन केला."

पीठ भांड्याच्या काठावरून ओघळत होतं. कुणी पुसलं नाही.

म्हणजे इन्व्हर्टर होता. आणि असूनही ती गेली. म्हणजे आपण तिला मारलं नाही. हे सगळं रावांनी एकापुढे एक मांडून पाहिलं, बरोबर होतं. सुटका व्हायला हवी होती. पण मनात दुसरंच येऊन बसलं. मरतानाही त्या बाईला स्वतःच्या श्वासाची काळजी नव्हती, माझ्या मताची होती.

ते परत आले, खडू घेतला आणि फळ्यापुढे उभे राहिले. सबस्टेशनच्या वहीत खाडाखोड चालत नाही, पुसणं तर नाहीच. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ, खाली खरं काय ते, वेळ आणि सही. बारा वर्षांत फळ्यावर अशी रेघ ओढायची वेळ त्यांनी येऊ दिली नव्हती.

फळ्यावर लिहिलेलं होतं: 'आज नऊ ते दोन करंट नाही. आमच्या घरी आजारी माणूस आहे. तरी इन्व्हर्टर नाही. सगळ्यांनी मिळून सोसलं, तरच सरकारला ऐकू जाईल.'

त्यांनी मधल्या दोन वाक्यांवर रेघ ओढली. खाली लिहिलं: 'दुरुस्ती. इन्व्हर्टर होता. शेजारच्या भवानीचा. चौदा महिने. तिचं पीठ त्यामुळे आंबलं. त्या दिवशी ११.२० ला मशीन चालू होतं.' वेळ घातली. सही केली. शेवटच्या वाक्याला ते हात लावू शकले नाहीत. ते त्यांना अजूनही खरं वाटत होतं, आणि तेच तर वाईट होतं.

भवानी मागे येऊन वाचत होती. वाचून ती भडकली. "हे काय केलंत? चौदा महिने त्या बाईनं लपवलं, आणि तुम्ही पाच मिनिटांत चव्हाट्यावर मांडलंत? स्वतःला बरं वाटावं म्हणून?"

राव वळले. आयुष्यात कधी कुणाला विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "पुसू का?"

भवानीनं पुन्हा फळ्याकडे बघितलं. राग होता, पण वरून वरून. "राहू दे आता. पण माझं नाव घातलंत, त्यांचं कुठे आहे? आजारी माणूस, आजारी माणूस! नाव नव्हतं का त्यांना?"

नव्हतं. बारा वर्षांत मंत्र्यांची नावं आली, कंपन्यांची आली, धरणांची आली. तिचं एकदाही आलं नव्हतं.

रावांनी खडू टेकवला आणि लिहायला लागले. सुब्ब झालं. मग ल. तिथं हात थांबला, आणि भर सकाळी, गल्लीत, कोरड्या धोतरावर खडू सांडत तो म्हातारा मोठ्यानं रडायला लागला. भवानीनं त्यांच्या हातातून खडू घेतला नाही. नाव पुरं होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.