लाल म्हटलं की लाल

"जीव वाचेल, पण आवाज जाईल," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. सावंगीच्या दवाखान्यात आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो होतो. माझे मिस्टर प्रभाकरराव, रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी मॅडमना नमस्कार केला, उठले आणि मला न सांगता बाहेर जाऊन ऑटो ठरवला.

मॅडमनी मला थांबवून समजावलं. रोग लॅरिंक्सचा, म्हणजे स्वरयंत्राचा कॅन्सर. बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, तो पक्का झाला होता. गाठ कूर्चेत शिरल्यामुळे नुसत्या शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, भागणार नव्हतं. टोटल लॅरिंजेक्टॉमी करायची, म्हणजे सगळं स्वरयंत्र काढायचं आणि मानेवर पुढून एक भोक ठेवायचं. पुढे श्वास तिथूनच. "उशीर करू नका," हे त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या.

उशीर तर आधीच झाला होता. कित्येक महिने आवाज घोगरा होता आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ओरडून ओरडून ड्रायव्हरचा गळा बसतोच, असं आमच्या रेल्वेच्या वस्तीत सगळे धरून चालतात. यांचे जुने सोबती घरी आले की सगळ्यांचेच गळे फाटके. "पेन्शनसंगं भेटते हे," असं म्हणून हे हसायचे. मी मध-हळद चाटवत बसले.

ते ओरडणं कसलं, ते सांगते. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकाने रंग मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने स्वतः बघून तोच रंग परत म्हणायचा. नियम जुनाच, पण पूर्वी बरेचजण तो मनातल्या मनात पाळायचे. मग आमच्या लग्नाआधी तो अपघात झाला. पॅसेंजर लाल सिग्नल ओलांडून उभ्या मालगाडीवर आदळली. माणसं किती गेली ते आजही माझ्याने उच्चारवत नाही. त्या गाडीवर यांचे थोरले भाऊ मनोहर असिस्टंट होते. दवाखान्यात शेवटच्या घटकेला ते यांना म्हणाले, "मले लाल दिसला होता रे. ड्रायवर साहेब एवढे मोठे, त्यायले मी काय सांगू? नाई बोललो."

पुढे चौकशी झाली, शिस्त कडक झाली. नवीन पोरांना पहिल्या दिवसापासून तोंडाने रंग म्हणायला शिकवू लागले. यांनी तर नोकरीभर असा आवाज दिला की फलाटावरचे लोक वळून बघायचे.

म्हणूनच ऑपरेशन नको, हा यांचा हट्ट. "मनोहरनं आवाज नाई देल्ला, तं काय झालं माहीत हाये ना तुले? अन् मी आवाज काढून देऊ?"

मला रडू यायचं आणि रागही यायचा. गेलेल्या भावासाठी हा माणूस मला सोडून जायला निघाला होता. समजावलं, अबोला धरला, देव पाण्यात ठेवले. कशाचा उपयोग झाला नाही.

एका सकाळी चहाचा घोट त्यांना गिळवेना, छाती घरघरू लागली. मी समोर उभी राहिले आणि सगळी वस्ती ऐकेल अशी ओरडले, "सिग्नल लाल!"

 जन्माची सवय. समोरच्याने रंग म्हटला की उत्तर द्यावंच लागतं.

"लाल," त्यांच्या गळ्यातून कसंबसं निघालं.

"मंग थांबत काऊन नाई तुमी? भाऊजी बोलले नाई. मी तं बोलून राह्यली ना!"

कप खाली ठेवून ते लहान मुलासारखे हमसून रडले. दुसऱ्या दिवशी आम्ही भरती झालो.

ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी आष्टीकडची एक बाई बसली होती. ओळख ना पाळख, पण तिने माझा हात धरून ठेवला. तिचे उपकार मी विसरणार नाही. मानेवरच्या त्या भोकाला स्टोमा म्हणतात. तो पुसायचा कसा, आंघोळीच्या वेळी पाण्यापासून जपायचा कसा, हे सिस्टरनी न कंटाळता शिकवलं. परवाच्या तपासणीत रोग दिसला नाही.

तुमच्या घरी कुणाचा घसा दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कामाचा घसा म्हणून सोडून देऊ नका. आणि माणूस वाचला की सगळं पूर्वीसारखं होतं, असंही समजू नका. मी स्वयंपाकघरातून काही विचारते आणि उत्तराची वाट बघत राहते. भांडणसुद्धा एकटीलाच करावं लागतं. त्यांचा आवाज कसा होता ते हल्ली जरा थांबून आठवावं लागतं, याची मला फार भीती वाटते.

दरवर्षी अपघाताच्या दिवशी रेल्वेची जुनी माणसं तिथे रुळाच्या कडेला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमतात. यंदा यांनी फुलं ठेवली आणि ओठ हलवले. मानेतून नुसती हवा आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी पुढे झाले. "भाऊजी," मी मोठ्याने म्हटलं, "यावेळेस मी बोलली. अन् हे थांबले."