एकट्यानं खेळायचे खेळ

मर्राडीनच्या रेडिओशाळेत एनिड ट्रेवार्था ग्रंथपाल होती, पण तिचा खरा दरारा पुस्तकांवर नव्हता, कम्प्युटरच्या खेळांवर होता. शाळेची पोरं शाळेत नसायचीच. ती लांबलांबच्या गुरांच्या फार्मवर विखुरलेली, सकाळी रेडिओसमोर बसून धडे घेणारी. पोस्टाचा ट्रक आठवड्यातून एकदा प्रत्येकाकडे हिरवी पेटी पोचवायचा. पेटीत वह्या, गोष्टीची पुस्तकं, आणि अलीकडे एखादी सीडी. ती सीडी कुठली, हे एनिड ठरवायची. त्यात दुसऱ्या कुणाचं चालत नसे, मुख्याध्यापकांचंही नाही.

आणि ठरवायची ती नीट. विक्रेते ‘शैक्षणिक’ असा शिक्का मारून काय वाट्टेल ते खपवतात, हे तिला पुरतं ठाऊक होतं. बेरीज बरोबर आली की माकड टाळ्या वाजवतं, असला खेळ ती चहा निवायच्या आत बाजूला टाकायची. खेळात विचार हवा. या कुलुपाला ही किल्ली का लागत नाही, पूल आधी कुणी ओलांडायचा, दोघांतलं खोटं कोण बोलतंय, असं काहीतरी. पोर चुकलं तर खेळानं रागवू नये आणि उत्तरही सांगून टाकू नये. जनरेटर बंद पडला तर केलेलं पुसलं जाऊ नये. आणि सगळ्यांत मोठी अट, खेळ एकट्यानं खेळता आला पाहिजे. आई गुरांमागे, बाप त्याहून लांब, आणि शेजार म्हणावा तर शंभर मैलांवर. पोरानं जोडीदार आणायचा कुठून?

ही अट तिला कुणी शिकवली नव्हती. शाळेमागच्या दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. संध्याकाळी पाव आणि उकडलेलं अंडं घेऊन कम्प्युटरपुढे बसायची आणि प्रत्येक खेळ शेवटपर्यंत स्वतः सोडवून बघायची. एकट्या माणसाची संध्याकाळ कशानं सरते, याचा तिचा अभ्यास दांडगा होता.

ईस्टरच्या थोडं आधी विराबिल्ला फार्मवरची लेनोर किनेन महिन्याचं सामान भरायला गावात आली आणि शाळेत डोकावली. येताना तिनं घरच्या बैलाचं मांस आणलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून. ते टेबलावर ठेवत म्हणाली, “तुमचे उपकार कसे फेडायचे, कळत नाही. तुम्ही पाठवलेले सगळे खेळ आमच्या ब्रिडीनं सोडवले. दिवसभर घरात तिचा आवाज म्हणून नसतो.”

एनिड सुखावली. पण लेनोर निघेना. गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत तिथंच उभी राहिली.

“आवाज नसतो म्हणजे नसतोच,” ती शेवटी म्हणाली. “जेवायला हाक मारली तर मान हलवते. तिचा बाप म्हणतो, ईस्टर झाला की शहरात बोर्डिंगला टाकू, चार पोरींत राहिली की तोंड उघडेल. तुम्हीच सांगा, उघडेल का?”

एनिडचं बहुतेक लहानपण बोर्डिंगात गेलं होतं. तिथं चार पोरींत तोंड उघडतं की मिटतं, हे तिला चांगलं माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, “एवढ्यात नाव घालू नका.” मग तिनं विचारलं, रेडिओवरच्या वर्गात ब्रिडी बोलते की नाही? लेनोर म्हणाली, कशी बोलणार, सेटच धड नाही. तुमच्या केल्विननं दोनदा येऊन एरियल बदललं तरी खरखरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एनिड वर्गाच्या खोलीत कान देऊन बसली. तरुण शिक्षिकेनं पुकारलं, “विराबिल्ला, ब्रिडी, ऐकू येतंय का? ओव्हर.” ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तू बोल. पलीकडून खरखर, मग एक टक्. “तुझा आवाज तुटतोय गं, राहू दे,” म्हणत शिक्षिका पुढच्या पोराकडे वळली. थोड्या वेळानं तिनं ब्रिडीला पुन्हा विचारलं, देवमासा हा मासाच असतो ना? टक् टक्. एक टक् म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पोरगी बोलायचं बटण नुसतं दाबून सोडत होती. उत्तरं सगळी बरोबर होती. आणि सबंध शाळा कित्येक महिने तिच्या गप्प बसण्याला खराब हवामान समजत होती. त्या मुलखातली रीतच ती. माणूस बोलेनासा झाला की आधी एरियल बदलायचं.

केल्विन स्टब्ज, शाळेचा रेडिओ मेकॅनिक, हे ऐकून ओशाळला. “सेट ठणठणीत होता गं,” तो म्हणाला. “मी तिच्या समोरच तर बसलो होतो. चहा दिला पोरीनं मला. तेव्हाही एक शब्द नाही, पण माझ्या डोक्यातच नाही आलं.”

एनिडच्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. तोंड न उघडता दिवस काढायचा कसा, ते त्या मुलीला कुणी शिकवलं? दर आठवड्याला हिरव्या पेटीतून कुणी पाठवलं?

तिनं नापास खेळांचं कपाट उघडलं. तळाशी एक किल्ल्याचा खेळ होता, शहरातल्या वर्गांसाठी केलेला. त्यात एका कम्प्युटरवर दारं आणि कुलपं दिसत, दुसऱ्यावर नुसत्या किल्ल्या, आणि दोघांनी पाठीला पाठ लावून एकमेकांना विचारत दारं उघडायची. दोन पोरं शेजारी बसवायची कुठून, म्हणून तिनं तो टाकून दिला होता. किल्लीवरचा आकडा सांगायचा, समोरच्यानं तो कुलपावर टाकायचा, की दार उघडलं. आता तिच्या लक्षात आलं की या खेळाला मधे तारसुद्धा लागत नाही. लागतं फक्त बोलणं.

कुलपांची सीडी पेटीतून विराबिल्लाला गेली. किल्ल्या एनिडनं स्वतःकडे ठेवल्या. बुधवारी दुपारी वर्ग संपले की एक चॅनल रिकामं असायचं. मुख्याध्यापकांना न विचारता तिनं ते घेतलं.

तो पहिला बुधवार तिला फार आवडला. एनिड विचारायची, कुलूप गोल आहे का? टक्. वर चंद्र कोरलाय? टक् टक्. एवढ्यावरून ती किल्ली बरोबर ओळखायची आणि तिचा आकडा सांगायची. दारामागून दारं उघडत गेली. पलीकडे कुणीतरी होतं, हुशार होतं, आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाची वाट बघत होतं. खेळ संपला तेव्हा एनिडचे गाल लाल झाले होते.

केल्विन दारात टेकून ऐकत होता. “मजा आली तुला,” तो म्हणाला.

“आली. मग?”

“पोरगी किती बोलली?”

एनिडनं सीडी काढून डबीत ठेवली.

“तू फार हुशार आहेस, एनिड. तुझ्यापुढे कुणाला बोलावंच लागत नाही. त्यापेक्षा एखादा ठोंब्या बसव तिथं.”

ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं किल्ल्यांची सीडी पेटीत घातली आणि पेटीवर डगी फॅरलचं नाव टाकलं. डगी सात वर्षांचा, कूलारा फार्मवरचा. बाप गोचिडीच्या औषधाच्या हौदात पडला तेव्हा त्यानं दिलेल्या शिव्या यानं भर वर्गात रेडिओवरून सगळ्या मुलखाला ऐकवल्या होत्या. त्याचं तोंड कधी मिटायचं नाही आणि उत्तर कधी बरोबर यायचं नाही.

बुधवारी त्यानं पहिल्याच कुलपाला लाल किल्ली सांगितली. का, तर लाल त्याला आवडते. टक् टक्. बरं, मग निळी. टक् टक्. मग किल्ल्या राहिल्या बाजूला आणि त्यांच्या कुत्रीला झालेल्या पिल्लांची नावं सांगून झाली. त्यानंतर पुन्हा लालच. आता टक् टक् टक् टक्, रागारागानं.

“हिचा रेडिओ बिघडलाय,” डगी म्हणाला. “बाई, तुम्ही आहात ना? तुम्हीच सांगा कुठली किल्ली. ओव्हर.”

एनिडचा अंगठा बटणावरच होता. कुठली किल्ली ते तिला पाठ होतं. तिनं अंगठा काढला आणि हात मांडीखाली दाबून धरला.

“बाई? ओव्हर.”

नुसती खरखर. बराच वेळ.

मग एक बारीक, घोगरा, न वापरून गंजलेला आवाज आला. “बाई नाहीयेत. मी आहे. तीन दातांची किल्ली घे.”

“तीन दातांची नाहीच इथं.”

“आहे. दात मोज ना, गाढवा.”

डगी मोठ्यानं मोजायला लागला, चुकला, आणि ब्रिडीनं त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. कुलूप उघडलं. पुढच्या दाराशी दोघांचं जुंपलं, आणि मधेच तिनं विचारलं की त्या पांढऱ्या पिल्लाचं नाव काय म्हणालास.

वेळ संपली की चॅनल शाळेनं बंद करायचं असतं. एनिडनं माईक दारात टेकलेल्या केल्विनच्या हातात दिला आणि मान हलवली. त्यानं खाकरून सांगितलं, मर्राडीनहून बंद करतोय.

ईस्टरनंतर ब्रिडी घरीच राहिली. बाप म्हणाला, बघू पुढच्या वर्षी. बुधवारची वेळ त्या दोघांचीच झाली. एनिड दर वेळी येऊन हेडफोन लावून बसायची, आणि शेवटचं वाक्य केल्विन बोलायचा. एकदा त्यानं विचारलं, “सांगू का त्यांना, तूही असतेस म्हणून?”

“नको,” एनिड म्हणाली. “मग मलाच विचारतील सगळं.”