धुतलेला ताप

कल्पना करा, सकाळी सात वाजता तुम्ही शाळेच्या फाटकात उभे आहात. हातात ताप मोजायची गन, समोर चारशे कपाळं. कुणाच्या नाकाखाली शेंबूड वाळलेला, कुणी शिंकून तोच हात तुमच्या बाहीला पुसतो. ताप दिसला की पोराला घरी पाठवायचं आणि आकडा वहीत लिहायचा.

शाळेच्या मावशींचं हेच काम होतं. पण शंभर टक्के हजेरीची ढाल सलग तीन वर्षं मुख्याध्यापकांच्या कपाटावर होती आणि ती त्यांना हलू द्यायची नव्हती. त्यांनी युक्ती काढली. गरम पोराला नळावर गार पाण्याने तोंड धुवायला लावायचं, मग मोजायचं. आकडा उतरायचा. ते पोर वर्गात शेजारच्याच्या बाटलीला तोंड लावायचं आणि दुपारी बाकाखाली ओकायचं. पुसायला पुन्हा मावशीच.

एकदा मावशींनी एका तापलेल्या मुलीला परत पाठवलं. तिची आई तणतणत आली. कामाला जाऊ की हिला सांभाळू, म्हणाली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मावशी, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" शिक्षक हसले. दुसऱ्या दिवसापासून मावशी मुकाट्याने तोंडं धुवायला लावू लागल्या.

घरी दम्याने खंगलेले वडील, आबा, होते. मावशी पायरीवरच कोपरापर्यंत हात घासायच्या, कपडे बदलायच्या, मगच आत जायच्या. तरी तिसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या पाच घरांत खोकला शिरला. त्यातलं एक मावशींचं. आबा नवव्या दिवशी गेले.

मुख्याध्यापक भेटायला आले. नाकाला रुमाल लावून खुर्चीच्या टोकावर टेकले. साथ बाजारातूनही येते, म्हणाले, शाळेचं नाव उगाच नको. मावशींना त्या रुमालाची शिसारी आली. फाटकात तो कधी दिसला नव्हता. स्वतःच्या हातांची शिसारी मात्र त्याहून जास्त.

शेवटी त्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेल्या, फाटकावरची वही घेऊन. कोण आधी आजारी पडलं ते यात कळेल, असं त्यांना वाटत होतं. नर्सबाईंनी पानं उलटली. महिनाभर एकाही पोराला ताप नव्हता. अक्षर मावशींचंच.

"यातून काही कळायचं नाही हो," नर्सबाई म्हणाल्या.

मावशी तरी उठल्या नाहीत. "एवढंच सांगा बाई, ते शाळेतून आमच्या गल्लीत आलं, की आमच्या गल्लीतून शाळेत गेलं?"