गोठ्यातल्या पांढऱ्या टाइल्स

महागावच्या रस्त्यालगत आमच्या वावरात गोठा बांधायचं ठरलं, तेव्हा मी कागदावर लिहून दिलं: पाणी, चारा, सावली आणि मूत वाहून जायला उतार. धाकट्या दिरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, गोठा नका म्हणू. फार्म म्हणा." मग आधी कमान उभी राहिली. पाण्याची टाकी नंतर आली.

घराच्या बांधकामातल्या पांढऱ्या, गुळगुळीत टाइल्स उरल्या होत्या. दिरांनी त्या गोठ्यात लावायला काढल्या.

"भाऊजी, गाय घसरेल."

"गाय का तिथं नाचाले येऊन राह्यली? उभीच तं राहीन."

सासरे खाटेवरून म्हणाले, "लाव रे. गावात कोणाच्या बैठकीत अशी फरशी नाही." आमच्या यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंचं बरोबर आहे असं सांगितलं आणि ते वावरात निघून गेले.

फार्ममध्ये तेव्हा गाय एकच. दिग्रसच्या बाजारातून आणलेली, पहिल्या वेताची, दिवस भरत आलेली. ती आणि वासरू धड राहिली तर दूध, नाहीतर नुसती कमान.

उद्घाटनाला पाहुणे आले. पहिला पाहुणा दारात थबकला, आतली पांढरी जमीन पाहिली आणि त्याने चपला काढल्या. मागच्यांनीही काढल्या. थोड्या वेळात गोठ्याबाहेर देवळासारखी चपलांची रांग लागली. सासरे दिरांना म्हणाले, "पाह्य, सांगा लागलं नाही कोणाले."

मग हार घालून गाय आणली. तिने पुढचा एक पाय आत टाकला, तो सरकला, तिने मागे घेतला. दिरांनी दावं ओढलं. दोन अनवाणी पाहुण्यांनी मागून जोर लावला. गाय कशीबशी आत आली आणि तिचे मागचे पाय फाकायला लागले. पोट जमिनीकडे चाललेलं दिसलं, तशी मी पुढे होऊन दावं हातात घेतलं.

"वहिनी, एक फोटो तं होऊ द्या."

"फोटोसाठी कमान आहे."

तिला पावलापावलाने बाहेर काढून मागच्या जुन्या टिनाच्या छपरात, ठोकलेल्या मुरमावर बांधलं. पाहुण्यांनी टाइल्सवर मांडी घालून चिवडा खाल्ला आणि इथे गार वाटतं, असं एकमताने सांगितलं. दीर माझ्याशी बोलेनात. मी त्यांच्या ताटात वाढत राहिले.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी गाय व्याली. मुरमात खूर रोवून तिने जोर केला. कालवड झाली. दीर वाळलेला कडबा घेऊन धावत आले आणि वासराला पुसायला बसले. वासरू उठलं, पडलं, पुन्हा उठलं, मुरमात पाय रोवून डुलत उभं राहिलं. दीर बराच वेळ त्याच्या पायांकडे पाहत होते. संध्याकाळी त्यांनी टाइल्स उखडायला सब्बल काढली.

निम्म्या टाइल्स निघाल्या तेव्हा सासरे आले. "बाकीच्या राहू दे बाबू. पाहुण्याईले बसाले होतात."

म्हणून आमच्या फार्मचा दाराजवळचा अर्धा भाग बैठक आहे आणि मागून वेगळं दार काढलेला आतला अर्धा गाईंचा. दूध घ्यायला येणारे अजूनही दारात चपला काढतात. मी आधी सांगत होते, काढू नका म्हणून. आता नाही सांगत. दुसऱ्या अर्ध्यात अनवाणी पाय पडला की ज्याचं त्याला कळतं.