डिझेलच्या टाकीचे झाकण

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, "आजी, पुस्तकांच्या कपाटात ते गंजलेले झाकण कशाला ठेवले आहेस?" ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून लिहिते आहे. गेल्या महिन्यात आपला जुना ट्रक भंगारात गेला. त्याच्या डिझेलच्या टाकीचे ते झाकण आहे. पण तो ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्तरींबद्दल लिहिल्याशिवाय ते कपाटात का आहे हे कळायचे नाही.

पाथर्डीत त्यांचे छोटे गॅरेज होते. गाडी नीट चालत नाही म्हणून कोणी आले, तर ते पान्याला हात लावण्याआधी धूर बघत. सायलेन्सरसमोर तळहात धरत आणि मग तो नाकाशी नेत. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते, काळा म्हणजे इंजिनाला हवा कमी पडते, निळा म्हणजे ऑइल जळते. "धुराला इचारायचं, मालकाला न्हाई. मालक लपवतो," असे ते आजोबांकडे बघून म्हणत.

"मी काय लपवलंय रे?" आजोबा चिडत.

"तुमी न्हाई हो, दादा. मी आपलं जगाचं सांगतो."

लपवले होते मी. एका उन्हाळ्यात कांदा भरून निघालेला ट्रक सात-आठ किलोमीटरवर बंद पडू लागला. थोडा वेळ थांबला की पुन्हा सुरू होई. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते; गाडीचे इंग्रजी पुस्तक वाचून मी निदान केले की पंप गेला. मिस्तरींनी पुस्तकाकडे आदराने पाहिले आणि जाऊन टाकीचे झाकण फिरवले. सुस्स आवाज झाला. झाकणाला आतून प्लास्टिकची पिशवी दोऱ्याने घट्ट बांधलेली होती. धूळ जाऊ नये म्हणून ती मीच, कोणाला न सांगता, बांधली होती. त्यामुळे झाकणाचे बारीक भोक बुजले होते; टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून डिझेल पुढे सरकत नव्हते.

ती नेटकी गाठ आजोबांची नव्हे, हे त्यांनी ओळखले असावे. पिशवी खिशात घालून ते आजोबांना म्हणाले, "कचरा हुता." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, टाकीलाबी श्वास लागतो."

पुढे त्यांचाच श्वास कमी पडू लागला. दवाखान्यात चला म्हटले की हसत. "जुनं इंजिन हाय बाई, गरम व्हायला येळ लागतो." शाळेत इतक्या मुलांना मी दटावले, त्यांना दटावले नाही. ते हसले की मीही हसत असे.

दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, एका सकाळी त्यांना श्वासच घेता येईना. आडवे पडले की जीव कोंडायचा, जीपच्या दाटीत बसवेना. "आपलीच गाडी काढा," म्हणाले. ट्रक चालवायला आजोबा बसले, मध्ये मिस्तरी, कडेला मी. नगरच्या वाटेवर करंजी घाटात इंजिन अडखळले आणि बंद पडले.

आजोबा पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू लागले. मिस्तरींनी डोळे मिटूनच सांगितले, "डिझेलच्या नळीत हवा धरली. दादा, तुमी स्टार्टरवर ऱ्हावा. बाई, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा... हातपंप दाबा... बुडबुडे थांबेस्तवर." एकेका वाक्याला त्यांना थांबावे लागत होते. मी खाली उतरून स्क्रू ढिला केला आणि पंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग स्वच्छ धार. मी स्क्रू आवळला, आजोबांनी स्टार्टर मारला. गाडी सुरू झाली.

"धूर कसा हाय?" त्यांनी विचारले.

मी मागे जाऊन पाहिले. "काही नाही. स्वच्छ आहे."

"मग चला."

आम्ही वेळेवर पोचलो, पण उशीर त्याच्या कितीतरी आधी झाला होता. चौथ्या दिवशी, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क असतानाच, ते गेले.

गॅरेजच्या जागी आता मोबाईलचे दुकान आहे. ट्रक नेला त्या दिवशी मी झाकण तेवढे काढून घेतले. रविवारी कपाट पुसताना त्याच्या भोकात सुई फिरवते. भोक अजून मोकळे आहे.