विमानतळावरचा आहेर

वडील जाऊन महिना झाला होता. हैदराबादला कंपनीची मीटिंग निघाली. बियाणं विकत गावोगाव फिरणाऱ्या आम्हा लोकांना साहेबांनी कळवलं, ‘बिझनेस कॅज्युअल’ घालून या. बायकोनं शर्ट-पँट इस्त्री करून बॅगेत भरली. मी पहाटे केजहून निघालो आणि पुण्याच्या विमानतळावर चार्जर काढायला बॅग उघडली, तर आत तेराव्याला आलेले टॉवेल आणि टोप्या. शेजारची तसलीच बॅग उचलून आणली होती. अंगावर पांढरा सदरा-पायजमा. एरवी स्वतःला चार शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी टॉवेलांच्या घड्या नीट केल्या आणि चेन लावली.

समोरच कपड्यांचं दुकान होतं. पण पहिल्या सणाला सासुरवाडीचा आहेर अंगावर चढेपर्यंत नवं कापड घालू नको, असं आईनं बजावलं होतं. महिनाभरात तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं, जेवायलासुद्धा.

दुकानातल्या माणसानं माझ्या डोक्यावरचे खुंट बघून विचारलं, तिरुपतीहून आलात का. मी हो म्हणालो. सांगत बसायचं त्राण नव्हतं. त्यानं आकाशी शर्ट काढला आणि एक पँट, जिच्या रंगाला आमच्याकडं मळका म्हणतात.

मी आईला फोन लावून बॅगेचा घोळ सांगितला. 

“मेव्हण्याला लाव,” ती म्हणाली. “त्यानं दिलेलं असलं म्हंजी झालं.”

मेव्हण्याचं नांदूरघाटला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. त्याला दुकानाच्या क्यूआर कोडचा फोटो पाठवला. त्यानं तिथून पैसे भरले.  मग व्हिडिओ कॉल केला. हात पुसून, डोक्यावर टोपी घालून तो गॅरेजात उभा होता.

“घाला, दाजी.”

पँट मी आत बदलली होती. शर्ट त्याच्यासमोर घातला. त्यानं वरून खालपर्यंत बघितलं.

“बसला का?”

“बसला.”

“आता तुमच्या आईला सांगतो मी,” म्हणाला आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, आता तरी काहीतरी वाटेल. वरचं बटण तेवढं लागेना. बोटं नुसतीच काजाभोवती फिरत राहिली.

“असू द्या सर,” दुकानातला माणूस म्हणाला, “कॅज्युअलमध्ये ते उघडंच ठेवतात.”